पोरीचं मनगट सोडा, कंबरेपाशी काय होतंय ते बघा

पत्र: ताई, मी अमरावती जिल्ह्यातल्या एका शाळेत पीटी शिकवते. स्वतः खो-खो खेळलेली आहे, सॉफ्टबॉल शाळेत लागल्यावरच शिकले. आमच्या 14 वर्षांखालच्या टीमची पिचर सातवीत आहे, राइट हँडर. हात खूप फास्ट पण बॉल कधी कॅचरच्या डोक्यावरून तर कधी बॅटरच्या अंगावर. व्हिडिओ बघून मी तिला रोज शंभर वेळा मनगटाचा स्नॅप करायला लावते आणि बॉल सोडल्यावर कोपर कानापर्यंत ने असं सांगते. तरी कंट्रोल येत नाहीये, आणि आता ती म्हणते खांदा पुढून दुखतो. जिल्हास्पर्धा दीड महिन्यावर आली आहे, एका दिवसात तीन-तीन मॅच होतात, दुसरी पिचर नाही. तिचे वडील म्हणतात राइजबॉल, म्हणजे बॅटरजवळ वर चढल्यासारखा वाटणारा बॉल, शिकवा. मी काय करू?

मॅडम, आधी खांद्याचं बोलू, बाकी सगळं त्याच्यानंतर.

सातवीतली पोरगी स्वतःहून येऊन खांदा दुखतो म्हणते तेव्हा तो बहुतेक वेळा बऱ्याच दिवसांपासून दुखत असतो, कारण टीममधून काढतील या भीतीने मुली गप्प बसतात. त्यामुळे आजपासून तिचं पिचिंग बंद ठेवा, स्प्रे मारून नाही, क्रेप बँडेज गुंडाळून नाही आणि "हळू हळू टाक" म्हणून पण नाही. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, अमरावतीत किंवा नागपूरला स्पोर्ट्स फिजिओ मिळाला तर फारच छान, आणि तिथे नुसतं "खेळताना दुखतं" असं सांगून येऊ नका, तिलाच उभं करून हात रिकामा गोल फिरवून दाखवायला सांगा, कारण विंडमिल पिचिंग, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून खालून बॉल टाकणं, प्रत्येक डॉक्टरने बघितलेलं असेलच असं नाही आणि मग क्रिकेटच्या बॉलिंगसारखं काहीतरी असेल असं समजून सल्ला दिला जातो. या वयात हाडं वाढत असतात, हाडाच्या टोकाजवळचा वाढीचा भाग अजून पक्का झालेला नसतो, त्यामुळे मोठ्या खेळाडूचं "थोडं दुखतंय, चालतंय" हे तिला लावता येत नाही.

आपल्याकडे सॉफ्टबॉलमध्ये एक समज घट्ट बसलाय की बॉल खालून टाकायचाय ना, मग खांद्याला काही होत नाही, कितीही टाका. ते खरं नाहीये. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल पहिल्यांदा आला तेव्हा तिथल्या पिचर्सचं शूटिंग करून खांद्यावर किती ताण येतो हे मोजलं होतं, तर हाताला खांद्याच्या सांध्यातून बाहेर खेचणारा जोर सरासरी त्यांच्या वजनाच्या 80 टक्क्यांच्या आसपास निघाला, म्हणजे वरून फेकणाऱ्या बेसबॉल पिचरच्या बरोबरीला जाणारा. आणि दंडाच्या पुढचा स्नायू, बायसेप्स, तो वरून थ्रो करताना जेवढं काम करतो त्यापेक्षा जास्त विंडमिलमध्ये करतो असंही अभ्यासात आढळलंय. त्याची दोरी खांद्याच्या बरोबर पुढूनच जाते. तुमच्या पोरीला नेमकं काय झालंय ते डॉक्टरच सांगतील, पण "पुढून दुखतं" हे ऐकून मला नवल वाटलं नाही.

आता स्नॅपचं. रोजचे ते शंभर स्नॅप बंद करा, मॅडम, आणि कोपर कानाकडे नेणं पण बंद. तुम्हाला दोष देत नाहीये, महाराष्ट्रात निम्म्या ग्राउंडवर हेच शिकवतात, पिढ्यानपिढ्या चालत आलंय, मुलगी कॅचरकडे सरळ तोंड करून उभी आणि हातातल्या हातात बॉल झटकतेय. पण ऑलिम्पिकमधल्या चांगल्या पिचरचा कुठलाही व्हिडिओ घ्या, स्लो करा आणि बॉल सुटतो त्या क्षणी थांबवा. तिचं शरीर कॅचरकडे पूर्ण वळलेलं नसतं, अर्धं अजून थर्ड बेसकडे, म्हणजे कॅचरकडे बघणाऱ्या पिचरच्या उजव्या बाजूला, उघडं असतं. हात कंबरेला चिकटून जातो. मनगट कोणी मुद्दाम झटकत नाही, ते आपोआप होतं. कोपर कानाजवळ जाताना बहुतेकींच्यात दिसणारच नाही, हात सैल होऊन पोटासमोर कुठेतरी येतो.

होतं काय ते नीट सांगते, कारण हे एकदा कळलं की बाकी निम्मं तुमचं तुम्हालाच सुचेल. थर्ड बेसच्या बाजूने तिच्याकडे बघा आणि घड्याळ धरा. हात समोरून वर जातो तेव्हा 3, डोक्यावर 12, मागे सेकंड बेसकडे 9, खाली मांडीपाशी 6. जुन्या पद्धतीत शिकवतात की 12 वर बॉल सेकंड बेसला दाखव. तसं केलं की 9 वर तळवा जमिनीकडे येतो, मग बॉल तिथून ढकलत आणावा लागतो, वेग येत नाही म्हणून मनगट झटकावं लागतं, आणि तो हात मध्येच थांबवायला खांदा कामाला लागतो. त्याऐवजी 12 वर तळवा थर्ड बेसकडे आणि 9 वर आकाशाकडे किंवा थर्ड बेसकडे राहू द्या. कोपर किंचित वाकलेलं, ताठ नाही. तिथून खाली येताना आधी दंड बरगडीजवळ येतो, कोपर आत येतं, हाताचा खालचा भाग आणि बॉल मागे राहतात, मग कोपराखालचा भाग कंबरेला घासून पुढे येतो आणि बॉल सुटतो. शेतात पाखरं हाकलायला गोफण फिरवतात तेव्हा जोर टोकाला लावत नाहीत, हात पुढे येऊन आवरला जातो आणि दगड मागून येऊन सुटतो, तसंच आहे हे. बॉल सुटल्यावर हात आपोआप आत वळतो, तो वळवायचा नाही, फक्त अडवायचा नाही.

कंबरेला घासणं ही गोष्ट मुलींना फार पटकन कळते, कारण ती ऐकू येते. टी-शर्ट आत खोचलेला नसेल तर हात कापडाला लागल्याचा फट्ट असा आवाज येतो. मी मुलींना एवढंच सांगते की आवाज आला पाहिजे, बॉल कुठे गेला ते बघू नकोस. हात कंबरेपासून वीतभर लांबून जात असेल तर आवाज येणारच नाही, आणि तुमचे ते बॅटरच्या अंगावर जाणारे बॉल बहुतेक तिथूनच येतात. पण मुलगी कंबर आधीच कॅचरकडे वळवून मोकळी झाली तर तीच कंबर हाताच्या वाटेत येते, मग हाताला वळसा घालून जावं लागतं आणि बॉल कुठेही सुटतो. काही मुली मग डाव्या बाजूला कलतात, हाताला जागा करून द्यायला. बघणाऱ्याला वाटतं बॅलन्स नाही, मुळात कंबर घाईत बंद झालेली असते.

म्हणून फिजिओने परवानगी दिली की सुरुवात इथूनच करा. भिंतीपासून किंवा जाळीपासून 3-4 मीटरवर आडवी उभी करा, थर्ड बेसकडे तोंड, पाय उघडे, हात 9 वर, तळवा वर. तिथून हात खाली, फट्ट, बॉल जाळीत. जाळी नसेल तर जुनी ताडपत्री किंवा चादर दोरीवर टाका. टार्गेट लावू नका. आधी रोल केलेला मोजा टाकून बघायला सांगा, मोज्याला वजन नाही त्यामुळे खांद्याला पण त्रास नाही आणि चुकल्याची लाजही नाही. थोडे दिवस झाले की लगेच पूर्ण गोल फिरवून, पाय टाकून टाकू द्या, तुकड्या-तुकड्यात महिनाभर घासत बसू नका, नाहीतर मुलगी तुकडे छान करते आणि मॅचमध्ये पूर्ण पिच टाकताना सगळं विसरते.

बॉलची एक सोपी युक्ती. जुना बॉल घ्या आणि त्याच्या मधोमध काळ्या इन्सुलेशन टेपचा एक पट्टा गोल गुंडाळा. मधलं बोट त्या पट्ट्यावर, पट्ट्याच्याच दिशेने येईल असं धरायचं, बॉल तळव्यात खुपसायचा नाही, थोडी फट ठेवायची. बॉल नीट सुटला तर हवेत पट्टा एकच सरळ उभी रेघ दिसतो, हात बाजूने गेला असेल तर रेघ डुगडुगते. कॅचरला लगेच दिसतं, टाकणारीलाही दिसतं, तुम्हाला ओरडून सांगावं लागत नाही. आणि हो, मोठा बॉल 12 इंच घेराचा असतो, सातवीतल्या बारीक हाताला तो खूप होतो, 11 इंची मिळाला तर शिकवताना तो वापरा, नाहीच मिळाला तर तिला तीनऐवजी चार बोटांनी धरू द्या.

पायांचं थोडं. पाय पुढे पडतो तेव्हा हात 12 आणि 9 च्या मध्ये कुठेतरी असावा, पाय पडला आणि हात अजून समोरच आहे असं असेल तर पायाचा जोर वाया गेला. पुढच्या पायाचं पाऊल साधारण 45 अंशात तिरकं पडू द्या, आणि तो पाय पडल्यावर टणक राहिला पाहिजे, गुडघा पुढे लोंबत गेला तर सगळा वेग जमिनीत जातो. छाती उभी ठेवायची, वाकायचं नाही. मागचा पाय बोटांवर घासत येतो, पुन्हा रोवून त्याच्यावरून दुसऱ्यांदा जोर लावायचा नाही, त्याला क्रो हॉप म्हणतात आणि अंपायर इलीगल पिच देतो. तुमचं ग्राउंड मातीचं असेल तर पिचर उभी राहते त्या प्लेटपासून कॅचरपर्यंत फक्कीची सरळ रेघ मारा, पिच टाकून झाली की माती वाचा, पुढचं पाऊल रेघेच्या किती बाहेर पडलंय, मागच्या पायाची घसट सरळ आहे की कोयत्यासारखी वाकडी गेलीय, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. तुमच्याकडे काळी माती असणार, पावसाळ्यानंतर प्लेटच्या पुढे पाय पडून पडून खड्डा होतो, त्यात मुरूम टाकून धुमसून घ्या, कारण खड्ड्यात पाय पडला की मुलगी आपोआप पुढे वाकते आणि मग आपण उगाच तिच्या हाताला दोष देत बसतो. उजव्या बुटाचं टोक लवकर फाटेल, ते चांगलं लक्षण आहे, मोच्याकडून चामड्याचा तुकडा लावून घ्या, पालक बुटांवरून चिडतात.

आता कंट्रोल. तुमच्या पत्रातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण चांगल्या पिचर इथेच बिघडतात. मुलीचे चार बॉल बाहेर गेले, वॉक झाला, लगेच बाहेरून आवाज येतो "हळू टाक पण स्ट्राइक टाक". ती मग हात आवरून, बॉल नेम धरून सोडायला लागते. स्ट्राइक पडतात, मॅच जिंकतो, आणि दोन वर्षांनी तीच मुलगी 17 वर्षांखालच्या गटात जाते तेव्हा तिच्याकडे वेग नसतो आणि नेम धरायची सवय सुटत नाही. तिचा हात फास्ट आहे हे तुम्ही स्वतः लिहिलंय, तो फास्टच राहू द्या. वेग आधी, नेम नंतर, आणि नेम हा नीट हालचालीतूनच येतो. बॉल वर जातोय म्हणजे उशिरा सुटतोय, खाली जातोय म्हणजे लवकर सुटतोय, पण "लवकर सोड, उशिरा सोड" असं तिला सांगू नका, त्या वेगात कोणालाच ते जमत नाही. वर जात असेल तर ती मागे रेलतेय का आणि पुढचा पाय नीट टेकायच्या आत हात येतोय का ते बघा, खाली जात असेल तर वाकतेय का ते बघा. तेवढं दुरुस्त करा, बॉल आपोआप जागेवर येतो. अंतर पण कमी करा. बायकांच्या इंटरनॅशनल मॅचमध्ये पिचरची प्लेट ते बॅटरची होम प्लेट हे अंतर 43 फूट असतं, अमेरिकेत 12 वर्षांखालच्या मुलींना 40 आणि 10 वर्षांखालच्यांना 35 फूट देतात, आणि आपण नवीन मुलीला पहिल्याच आठवड्यात पूर्ण अंतरावर उभी करतो. प्रॅक्टिसमध्ये 30 फुटांवरून सुरू करा, हालचाल टिकली की पावलापावलाने मागे न्या.

मोबाईल आहेच तुमच्याकडे, स्लो मोशनमध्ये आठवड्यातून एकदा शूट करा, एक थर्ड बेसच्या बाजूने, एक मागून. दर वेळी तिला दहा चुका दाखवू नका. एक गोष्ट. त्या आठवड्यात फक्त तीच.

दुसरी पिचर नाही हे वाक्य मला मान्य नाही, मॅडम. नाही म्हणजे शिकवली नाही. टीममधल्या तीन-चार मुलींना आजपासून मोज्यापासून सुरू करा, फार उंच नसल्या, फार फास्ट नसल्या तरी चालेल, हात सैल असलेल्या निवडा. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन मॅचमध्ये 413 पिच टाकले आणि गोल्ड मिळवलं, हा किस्सा आपल्याकडे कोच लोक मुलींना फार कौतुकाने सांगतात. कौतुक आहेच, पण ती तेव्हा 26 वर्षांची होती, पूर्ण वाढ झालेली, वर्षानुवर्षं तयारी केलेली. त्याच उएनोने टोकियो ऑलिम्पिकच्या फायनलला काय केलं तेही सांगा ना. सुरुवात तिने केली, मध्ये 20 वर्षांच्या मिऊ गोतोने बॉल घेतला, शेवटच्या इनिंगला उएनो परत आली आणि जपानने अमेरिकेला 2-0 ने हरवलं. सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीच्या टीममधली खेळाडू बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकते, तो नियम अशाच वेळी वापरायला आहे. दोन पिचर असल्या की दोघींचं डोकं पण शांत राहतं.

आणि पिच मोजा. स्कोअरबुकवाल्या मुलीच्या हातात पेन्सिल द्या, प्रत्येक पिचला एक काडी. अमेरिकेतल्या स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांची शिफारस अशी आहे की 10 ते 12 वर्षांच्या मुलीने एका मॅचमध्ये 65 आणि दिवसभरात 95 च्या वर टाकू नये, 13-14 वर्षांच्या मुलीने मॅचमध्ये 80 आणि दिवसभरात 115. एका दिवसात तीन मॅच म्हटल्यावर एकटीच्या खांद्यावर हा हिशोब बसतच नाही हे तुम्हालाही दिसेल. वॉर्मअपचे बॉल या आकड्यात धरत नाहीत, पण खांद्याला ते वेगळे कळत नाहीत, म्हणून वॉर्मअप पण थोडक्यात. प्रॅक्टिसला रोज पिचिंग नको, आठवड्यातून तीन दिवस पुरे, बाकीचे दिवस बॅटिंग, फिल्डिंग, पाय आणि पोटाचे व्यायाम.

वडिलांचं. त्यांना भेटायला बोलवा, पोरीसमोर नको. त्यांच्या मनात काय असेल याचा अंदाज आहे मला, दहावीचे सवलतीचे मार्क, पुढे नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, आणि ते चुकीचं पण नाही, आपल्याकडे गावच्या मुलींना खेळाने खरोखर वाट काढून दिलीय. पण त्यांना सांगा की राइजबॉलला खूप वेग आणि बॉलला पूर्ण उलटी फिरकी लागते, सातवीतल्या मुली ती आणायला हात दरवाजाची कडी फिरवल्यासारखा पिळतात, बॉल वर तर जात नाही, कोपर आणि खांदा मात्र बिघडतो. 14 वर्षांखाली एक चांगला फास्टबॉल आणि एक चेंजअप, म्हणजे फास्टबॉलसारखा दिसणारा पण हळू येणारा बॉल, एवढ्यावर जिल्हा काय, विभाग पण खेळता येतो. चेंजअपचं गुपित एवढंच की हात फास्टबॉलच्याच वेगाने फिरला पाहिजे, बॉल फक्त तळव्यात खोल धरायचा, वेग आपोआप मरतो. हात हळू केला की बॅटरला आधीच कळतं.

दीड महिन्यावरची स्पर्धा तिने पिचर म्हणून खेळू नये असं मला वाटतं. डॉक्टर हो म्हणाले तर फर्स्ट बेसला उभी करा, बॅटिंग करू द्या, तीही त्यांना विचारूनच. नवीन मुली टाकतील, वॉक होतील, कदाचित पहिल्याच मॅचला हराल. हरू द्या. मुख्याध्यापकांना आधीच जाऊन सांगून ठेवा म्हणजे त्या दिवशी ग्राउंडवर तुमच्यावर प्रेशर येणार नाही, आणि पोरीला पण तुम्ही स्वतः सांगा की तुला काढलेलं नाही, तुझी जागा तुझीच आहे, दुसऱ्या कोणाकडून तिच्या कानावर जायला नको.

डॉक्टर काय म्हणतात ते कळवा. तिने परत टाकायला सुरुवात केली की थर्ड बेसच्या बाजूने, पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत दिसेल असा एक स्लो व्हिडिओ पाठवा, टी-शर्ट बाहेर काढलेला आणि आवाज चालू ठेवलेला.